शाळेची परीक्षा, अभ्यास आणि वेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांमधून विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे राज्य मंडळाच्या ८ वी ते १० वीच्या अभ्यासक्रमाला धरून आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोज किती तास अभ्यास केला पाहिजे?

तास मोजू नका, कामे मोजा. ‘दोन तास विज्ञान’ असे ठरवले की पुस्तक दोन तास समोर उघडे राहते आणि हाती काय आले ते कळत नाही. त्याऐवजी असे लिहा : ‘गुरुत्वाकर्षण धड्यातली सूत्रे न बघता लिहिणे आणि त्यावरची चार उदाहरणे सोडवणे.’ हे काम झाले की नाही, हे कोणालाही सांगता येते. एक काम साधारण अर्ध्या तासात उरकेल एवढेच ठेवा. ८ वी-९ वीला शाळेच्या दिवशी अशी तीन कामे पुरतात. दहावीला दिवाळीपर्यंत चार-पाच आणि त्यानंतर सहा-सात. यात शाळेचा गृहपाठ धरलेला नाही.

२. वाचतो तेव्हा सगळे समजते, पण पेपरात आठवत नाही. असे का होते?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. मजकूर डोळ्यांसमोर असतो तेव्हा तो ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटला की ‘येते’ असा समज होतो. पेपरात मात्र समोर काहीच नसते, सगळे आतून काढावे लागते. ही आतून काढण्याची सवय वाचून होत नाही. त्यासाठी पुस्तक मिटावेच लागते.

करायचे असे : धड्याचे दोन-तीन परिच्छेद एकदा लक्ष देऊन वाचा. पुस्तक मिटा. कच्च्या वहीत आठवेल तेवढे स्वतःच्या शब्दांत लिहा. अर्धवट असले तरी चालेल, मध्येच पुस्तक उघडून पाहायचे नाही. लिहून झाल्यावर पुस्तक उघडा आणि जे राहिले ते लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग पुन्हा न बघता लिहायचा.

दहावीच्या भूगोलातला एक प्रश्न घ्या : ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी का? पहिल्या वेळी विद्यार्थी लिहितो, ‘तिथे डोंगर आहेत म्हणून पाऊस कमी.’ पुस्तक उघडल्यावर कळते की उच्चभूमी वारे अडवते, किनाऱ्याच्या बाजूला पाऊस पडतो आणि पलीकडची बाजू पर्जन्यछायेत येते, हा मधला सगळा दुवा राहिला. ‘पर्जन्यछाया’ आणि ‘अवर्षण चतुष्कोन’ हे दोन शब्दही लाल पेनाने आले. गुण नेमके याच दुव्याला आणि याच शब्दांना असतात. धडा दहादा वाचूनही ही गळती दिसली नसती.

सुरुवातीला निम्मेही आठवणार नाही आणि वाईट वाटेल. तिथेच बहुतेक जण ही पद्धत सोडून पुन्हा वाचण्याकडे वळतात, कारण वाचणे सोपे जाते. आठवडाभर नेटाने करा, लाल पेन कमी चालायला लागते. गाईडमधली उत्तरे वहीत उतरवून काढणे, ओळीखाली रेघा ओढणे यांत हात दमतो, डोके कामाला लागत नाही.

३. केलेला धडा महिन्याभरात विसरतो. उजळणी कधी करायची?

पहिल्यांदा केल्यावर दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी आणि त्यानंतर महिन्याने. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की पाठ केलेले सुरुवातीच्या तासा-दिवसांत सर्वांत वेगाने विसरले जाते आणि पुढे तो वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या लांब-लांब.

त्यासाठी वेगळी वही नको. घरात भिंतीवर कॅलेंडर असतेच. आज विज्ञान भाग १ चा तिसरा धडा केला, तर उद्याच्या, चौथ्या, दहाव्या आणि महिन्यानंतरच्या चौकोनात पेन्सिलीने ‘वि१-३’ लिहून टाका. सकाळी त्या दिवसाचा चौकोन पाहिला की काय करायचे ते ठरलेले असते. उजळणी प्रश्न २ प्रमाणे पुस्तक मिटूनच करायची आणि तिला १० ते १५ मिनिटे पुरतात.

४. वेळापत्रक बनवतो, पण दोन दिवसांत मोडते.

कारण ते घड्याळावर बनवलेले असते. ‘६ ते ७ गणित’ लिहिले आणि सहाला नळ आला, किंवा गोठ्यात काम निघाले, की पुढचे सगळे घसरते. गावातल्या घरात काम घड्याळ पाहून येत नाही. म्हणून अभ्यास रोज न चुकता घडणाऱ्या गोष्टीला बांधा : अंघोळ झाल्यावर एक काम, शाळेतून आल्यावर हातपाय धुऊन खाल्ले की दुसरे, रात्रीच्या जेवणाआधी तिसरे.

बसची वाटही मोजा. तालुक्याच्या शाळेत एसटीने किंवा मानव विकास योजनेच्या मुलींसाठीच्या बसने जाणाऱ्या मुलामुलींची स्टॉपवर रोज वीस-पंचवीस मिनिटे जातात. तिथे नवीन धडा होत नाही, पण खिशातल्या चिठ्ठ्यांवरची सूत्रे, व्याख्या, सनावळ्या, इंग्रजीचे शब्द होतात. जुन्या वहीच्या कोऱ्या पानाचे आठ तुकडे करा, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. दोघे असाल तर एकमेकांना विचारा.

रविवारची दुपार रिकामी सोडा. आठवड्यात जे राहिले ते तिथे भरून निघते. ज्या वेळापत्रकात अशी मोकळी जागा नाही, ते एका पाहुण्याने मोडते.

५. सोयाबीन सोंगणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वावरात जावेच लागते. मग अभ्यास कसा होणार?

त्या दिवसांत नवीन धडा होणार नाही, हे आधीच मान्य करा आणि वर्ष त्याप्रमाणे आखा. सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरमध्ये निघते आणि पहिल्या सत्राची परीक्षा त्याच सुमारास येते. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीपासून जानेवारीपर्यंत चालते, तूर डिसेंबर-जानेवारीत कापणीला येते आणि दहावीची सराव परीक्षाही तेव्हाच. हरभरा काढायला येतो तेव्हा बोर्डाचे पेपर सुरू असतात. पूर्वेकडे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत नोव्हेंबरात धानकापणी, आणि मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुले वेचायला जाणे.

आपल्याकडे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडते, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे वाया घालवून चालत नाही. निंदण-डवरणी असली तरी जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी त्यातल्या त्यात मोकळ्या असतात. पोळ्यापर्यंत पहिल्या सत्राच्या निम्म्या धड्यांची पहिली फेरी (प्रश्न २) संपवा, म्हणजे सोंगणीच्या दिवसांत फक्त १०-१५ मिनिटांच्या उजळण्या उरतात. त्या धुऱ्यावर शिदोरी खाताना, चिठ्ठ्यांवरही होतात. दिवाळीच्या सुट्टीतले पहिले चार दिवस वेचणीआधी सकाळी गणिताला द्या, कारण गणित थकल्यावर होत नाही.

पालकांना एक कळकळीची विनंती. परीक्षेच्या आधीचे आठ दिवस मुलांना वावरात न्यायचेच असेल तर दुपारी चारनंतर तरी मोकळे करा. आणि शाळेच्या दिवशी शाळा बुडवून नेऊ नका. एक दिवस बुडाला की तो धडा भरून काढायला घरी तीन दिवस लागतात.

६. घरात एकच खोली, टीव्ही सुरू, त्यात लाईट जाते. अभ्यासाला जागाच नाही.

शांतता लागणारी कामे आणि न लागणारी कामे वेगळी करा. नवीन धडा समजून घेणे आणि गणिताची नवीन पद्धत यांना शांतता लागते, ती सकाळी किंवा शाळेत मोकळ्या तासाला करा. आकृत्या काढणे, नकाशा भरणे, सोडवलेलीच उदाहरणे पुन्हा सोडवणे गोंगाटातही जमते. समाजमंदिर, ग्रामपंचायतीचे वाचनालय, मंदिराची ओसरी, शाळेचा व्हरांडा यांपैकी काहीतरी बहुतेक गावांत असते. मुख्याध्यापकांना विचारून शाळा सुटल्यावर एक वर्ग तासभर उघडा ठेवून घेतला तर पाच-सहा जणांची सोय होते.

लाईटसाठी चार्जिंगचा एलईडी बल्ब घ्या. लाईट असेपर्यंत तो चार्ज होतो आणि गेल्यावर आपोआप पेटत राहतो. बल्ब डोक्यामागे नको, लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने उजेड येऊ द्या, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते.

७. पहाटे उठून अभ्यास चांगला की रात्री जागून?

ज्यात झोप कमी होत नाही तो. शाळकरी वयात ८ ते १० तास झोप लागते आणि दिवसभर केलेले झोपेतच पक्के होते. पहाटे चारला उठायचे तर रात्री आठलाच अंथरुणावर पडले पाहिजे. घरात दहापर्यंत गप्पा चालत असतील तर चारला उठणे म्हणजे वर्गात पेंगणे. तुमच्या घरी सगळे पाचला उठत असतील तर साडेपाच ते साडेसहा हा तास धरा.

ओलिताच्या पाळीला रात्रीची लाईट येते आणि वडिलांसोबत मोटर सुरू करायला जावे लागते, असेही काही जण कळवतात. त्या रात्रीनंतर सकाळची कामे तीनाऐवजी एक करा आणि दुपारी अर्धा तास झोपा. परीक्षेच्या आदल्या दोन रात्री मात्र दुसऱ्या कोणी जावे.

८. मोबाईल घ्यावा की घेऊ नये?

पुस्तक फाटले किंवा मिळाले नाही तर ई-बालभारतीवर सगळ्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. धड्यांवरचे क्यूआर कोड दीक्षा ॲपने उघडतात. जिथे रेंज आहे तिथे एकदाच उतरवून घ्या आणि अभ्यासाला बसताना डेटा बंद करा. ‘बघून समजले’ हा धोका व्हिडिओत पुस्तकापेक्षा जास्त, म्हणून प्रत्येक व्हिडिओनंतर प्रश्न २ मधली कृती करायचीच.

९. गणित वर्गात समजते, घरी पहिल्याच ओळीला अडते.

फळ्यावर सर सोडवतात तेव्हा पुढची पायरी कोणती, हे त्यांनी ठरवलेले असते. पेपरात ते तुम्हाला ठरवायचे असते. म्हणून सोडवलेले उदाहरण झाकून ठेवा आणि पहिली पायरी स्वतः लिहा. अडले तर कागद एक ओळ खाली सरकवून फक्त तेवढेच पाहा आणि पुढचे पुन्हा स्वतः. शेवटी तेच उदाहरण आकडे बदलून करा.

उदाहरणे मिसळून सोडवा. वर्गसमीकरणाच्या सरावसंचातली सलग दहा उदाहरणे केली की अकरावेही तसेच असणार हे माहीत असते. पेपरात मात्र शाब्दिक उदाहरण समोर येते आणि ते दोन चलांतील रेषीय समीकरणांचे की अंकगणिती श्रेढीचे, हेच आधी ओळखावे लागते. वेगवेगळ्या प्रकरणांतले एकेक उदाहरण चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या फेटा.

चुकांची एक वही ठेवा. त्यात पूर्ण उदाहरण नको, फक्त चुकीची ओळ आणि कारण : ‘चिन्ह बदलले नाही’, ‘एकक लिहिले नाही’, ‘प्रश्नात वेळ मिनिटांत होता’. पंधरा-वीस नोंदी झाल्या की दिसते, त्याच तीन-चार चुका फिरून येतात.

भूमितीत रचनेचे कंस खोडू नका, त्यांना गुण असतात. प्रमेयाची सिद्धता आकृतीशिवाय लिहू नका.

१०. चाचणीला आठच दिवस आहेत आणि काहीच झालेले नाही. आता काय?

सगळे वाचून काढायच्या मागे लागू नका. पहिल्या दिवशी अभ्यासक्रमातले धडे एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे खूण करा : येते, अर्धवट, अजिबात नाही. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी फक्त ‘अर्धवट’ धडे घ्या, कारण थोड्या वेळात जास्त गुण तिथेच वाढतात. सहाव्या दिवशी ‘अजिबात नाही’ मधले सोपे दोन-तीन धडे, तेही स्वाध्यायातल्या प्रश्नांपुरते. सातव्या दिवशी वेळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवा. आठव्या दिवशी लाल पेनाचा मजकूर आणि चुकांची वही पाहा, आणि लवकर झोपा.

११. पेपर येतो, पण वेळ पुरत नाही. शेवटचे प्रश्न राहतात.

हिशोब साधा आहे. दहावीच्या गणित भाग १ आणि २ चा पेपर प्रत्येकी ४० गुणांचा आणि २ तासांचा, म्हणजे एका गुणाला ३ मिनिटे. विज्ञानाच्या दोन्ही भागांचेही तसेच. मराठीचा पेपर ८० गुणांचा आणि ३ तासांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे.

आता बीजगणिताचा (गणित भाग १) पेपर बघा. पहिला प्रश्न ८ गुणांचा, पण त्यात चार पर्यायी आणि चार एका गुणाची उदाहरणे असतात. ती १५ मिनिटांत आटपतात, ९ मिनिटे वाचली. दुसरा प्रश्न १२ गुणांचा, ३५ मिनिटे. तिसरा ९ गुणांचा, २७ मिनिटे. चौथ्यात चार-चार गुणांची दोन उदाहरणे, २४ मिनिटे. पाचवा ३ गुणांचा, १० मिनिटे. बेरीज १११ होते, ९ मिनिटे तपासायला उरतात. घरी सराव करताना प्रत्येक प्रश्न संपल्याची वेळ समासात लिहा. कुठे घसरता ते दोन पेपरांतच कळते. बहुतेकांचे तिसऱ्या प्रश्नातल्या एखाद्या न सुटणाऱ्या उदाहरणात पंधरा मिनिटे जातात. गुणांच्या हिशोबापेक्षा तीन मिनिटे जास्त झाली की जागा सोडून पुढे जा.

विकल्प असलेल्या प्रश्नात ‘कोणतेही दोन’ असताना तीन सोडवणारे खूप असतात. आधी वाचून कोणते दोन ते ठरवा आणि त्यापुढे खूण करा. बहुपर्यायी प्रश्नात पहिलेच उत्तर ग्राह्य धरतात, खोडून दुसरे लिहिले तर गुण मिळत नाही. म्हणून तिथे घाई नको.

अलीकडे बोर्डाच्या पेपरला शेवटी १० मिनिटे जादा मिळतात. ती हिशोबात धरू नका, तपासायला ठेवा.

१२. केंद्र दुसऱ्या गावी आहे आणि उन्ह कडक असते. पेपरच्या दिवशी काय काळजी घ्यावी?

सकाळचा पेपर ११ वाजता असतो आणि साडेदहाला केंद्रावर हजर राहावे लागते. ठरलेल्या एसटीच्या आधीची गाडी धरा, आणि ती चुकली तर कोणाची गाडी मिळेल ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. मार्चमध्ये चंद्रपूर, अकोल्याकडे दुपारचे ऊन चटका देते. डोक्याला दुपट्टा बांधा आणि पाण्याची पारदर्शक बाटली सोबत ठेवा. उपाशी जाऊ नका, पण तळलेले खाऊन जड होऊ नका, भाकरी-भाजी किंवा पोहे ठीक. हॉल तिकीट, दोन निळे किंवा काळे पेन, पेन्सिल आणि कंपासपेटी रात्रीच एका पिशवीत भरा. पेपर संपल्यावर चौकात उभे राहून उत्तरे जुळवत बसू नका, दुसऱ्या दिवशीच्या पेपरचा वेळ त्यात जातो.

१३. आम्ही दोघेही फारसे शिकलेले नाही. मुलीच्या अभ्यासात काय मदत करणार?

धडा समजावून सांगायची गरज नाही. मुलीच्या चिठ्ठ्या हातात घ्या. वाचता येत असेल तर प्रश्न विचारा आणि मागचे उत्तर जुळते का ते बघा. वाचता येत नसेल तर म्हणा, ‘आज काय शिकली ते मला सांग.’ सांगता-सांगता ती जिथे अडते, तिथे तिला पुन्हा पुस्तक उघडायचे आहे. ती अभ्यासाला बसली की पाणी भरायला, लहान भावाला सांभाळायला उठवू नका. घरातल्या कामाचा वाटा मुलाला आणि मुलीला सारखा द्या. मुलींकडून येणाऱ्या पत्रांत वेळ पुरत नसल्याचे हेच कारण सर्वांत जास्त दिसते.

१४. घरी गोंडी (किंवा वऱ्हाडी) बोलतो. उत्तर पुस्तकी मराठीत लिहिताना शब्द सुचत नाहीत.

आधी घरच्या बोलीत तोंडी उत्तर सांगा. विषय समजला की नाही, ते तिथेच कळते. मग त्या धड्यातले आठ-दहा पारिभाषिक शब्द वेगळे लिहून पाठ करा, कारण शास्त्र आणि भूगोलात गुण त्यांना मिळतात. उरलेले वाक्य साधे, छोटे ठेवा. पेपरात ‘हाय’, ‘व्हते’ येत असेल तर दहा उत्तरे लिहून शिक्षकांकडून तेवढेच तपासून घ्या. त्याच-त्याच जागा असतात, महिन्याभरात सुधारतात. बोली सोडायची गरज नाही.

१५. आठवीत एनएमएमएस आणि शाळेची परीक्षा दोन्ही कसे सांभाळायचे?

एनएमएमएस ही आठवीतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा. शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी मिळते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागते. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. त्यातला शालेय क्षमता चाचणीचा पेपर सातवी-आठवीच्या पाठ्यपुस्तकांवरच असतो, त्यासाठी वेगळा अभ्यास नको. बौद्धिक क्षमता चाचणीसाठी रोज २० प्रश्न, २० मिनिटांत, एवढे पुरे. उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून काढायला वेळ जातो. अर्ज सुटण्याआधीच काढून ठेवा.

१६. तब्येतीमुळे पंधरा दिवस शाळा बुडाली. कुठून सुरू करू?

वर्ग आज जिथे आहे तिथून. मागचे भरून काढत बसलात तर रोजचेही मागे पडते. रोजच्या तीन कामांत एकच मागचे घ्या. अपवाद गणिताचा : बुडालेल्या प्रकरणावर आजचे उभे असेल तर ते आधी, बाकी रविवारी (प्रश्न ४).

१७. मुलाला तोंडी सगळे येते, पण लिहिताना अक्षरे उलटसुलट होतात.

हा आळस नव्हे. अध्ययन अक्षमता असू शकते. तपासणी आणि प्रमाणपत्रासाठी जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करा. प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात, पण त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. नववीतच सुरुवात करा, फेब्रुवारीत धावपळ करून होत नाही. तोवर अभ्यासात त्याला लिहिण्याऐवजी तोंडी सांगू द्या.

१८. दहावीत एक-दोन विषय राहिले. वर्ष गेले का?

गेले नाही. एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण असल्यास एटीकेटी घेऊन अकरावीला प्रवेश मिळतो आणि राहिलेल्या विषयाची पुरवणी परीक्षा जून-जुलैत देता येते. निकालानंतर बोर्डाकडे शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, त्याची मुदत थोडीच असते. छायाप्रत आली की गुण कुठे गेले ते तीन रकान्यांत लिहा : प्रश्न सोडला, अर्धवट लिहिला, चुकीचा लिहिला. सोडलेले जास्त असतील तर प्रश्न ११ मधला वेळेचा सराव करा. अर्धवट जास्त असतील तर प्रश्न २. चुकीचे जास्त असतील तर पाठ्यपुस्तकातले ते धडे शिक्षकांकडून पुन्हा समजून घ्या आणि चुकांची वही तिथून सुरू करा.